पाठीवरची शिवण

आमच्या शहरातल्या कोर्टाला सगळे 'खोकं' म्हणतात. बसचा कंडक्टरसुद्धा "चला, खोकंवाले उतरा," असंच ओरडतो आणि काळ्या कोटातले वकील मुकाट्याने उतरतात. लांबून पाहिलं तर ते खरंच खोकंच आहे. राखाडी काँक्रीटचा भलामोठा ठोकळा, खाली जाडजूड खांब, आणि खिडक्या अशा अरुंद की कुणीतरी सुरीने चिरा पाडल्यासारख्या. रंग नाही, गिलावा नाही. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेघा भिंतींवर तशाच आहेत, लाकडाच्या गाठींसकट.

आमच्या चित्रकलेच्या बाईंचा मात्र या खोक्यावर फार जीव. एकदा त्यांनी अख्खा तास त्याच्यावरच घालवला. म्हणाल्या, "ज्याने हे बांधलं त्याला वाटायचं, न्याय बंद दारांमागे आणि अंधाऱ्या जिन्यांवर होऊ नये. म्हणून आत सगळं मोकळं ठेवलंय. येणारा प्रत्येक माणूस प्रत्येकाला दिसला पाहिजे."

मी हात वर केला. "आणि ज्याला दिसायचं नसेल त्याने काय करायचं, बाई?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "चांगला प्रश्न आहे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

हल्ली मी अशी पटकन बोलते. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा घसा कोरडा पडायचा. मग वादविवाद स्पर्धेत आयत्या वेळी कुणीतरी आजारी पडलं, मला ढकललं गेलं आणि मी चक्क जिंकले. तेव्हापासून तोंडाला कुलूप नाही. मावशी मला 'भोंगा' म्हणते. "ए भोंग्या, जरा हळू. गिऱ्हाइकाला वाटेल मीच तुझ्यावर ओरडतेय."

मावशी कपडे शिवते. पुढे दुकान, मागे एक खोली, आणि त्या खोलीत आम्ही दोघी. आई गेली तेव्हा मी बालवाडीच्या मोठ्या गटात होते. बाबांची नोकरी दुसऱ्या शहरात, तीही फिरतीची. मावशी म्हणाली, "पोर राहू दे माझ्याकडे," आणि मी राहिले ती राहिलेच. आता बाबांचं बस्तान बसलंय. त्यांनी नवव्या मजल्यावर घर घेतलंय आणि माझ्यासाठी एक खोली रंगवून घेतलीय. गुलाबी. गुलाबी रंग मी तिसरीत सोडला, पण हे त्यांना कुणी सांगायचं?

तर, मी कुणाकडे राहायचं हे ठरवायला आम्ही त्या सकाळी खोक्यात निघालो होतो.

बाबांच्या अर्जात एक वाक्य होतं. ते मला पाठ झालंय: 'मुलीच्या मावशीस वारंवार चक्कर येते, सबब मुलीची जबाबदारी एकट्या मावशीवर ठेवणे धोक्याचे आहे.'

आता ही चक्कर आली कुठून, तर फोनवरून. बाबांनी मावशीला नवीन घर बघायला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली होती, "नको भावोजी, नववा मजला म्हणजे मला झुला येईल." झुला हा आमच्या घरातला शब्द. मावशीने उंचावरून खाली पाहिलं, पायाखाली पोकळी दिसली, की तिला जमीन झुल्यासारखी मागेपुढे होताना वाटते. ती पडत नाही, बेशुद्ध होत नाही. फक्त जिथे असेल तिथे खिळते आणि मिळेल ते घट्ट धरते. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला असा झुला कितीदा येणार? पडदे लावायला स्टुलावर चढावं लागलं तर मी चढते. पण बाबांनी 'झुला' त्यांच्या वकिलांना सांगितला, वकिलांनी त्याची 'चक्कर' केली, आणि चक्कर म्हटलं की आजार आलाच.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, "घाबरू नका. तब्येत ठणठणीत आहे एवढं न्यायाधीशबाईंना दिसलं की झालं. वेळेवर या, नीट उभ्या राहा, विचारलं तेवढंच बोला." मग माझ्याकडे बघून, "तूसुद्धा."

मी भाषण तयार केलं होतं. आरशासमोर दहादा म्हणून पाहिलं होतं. त्याच आरशात मला आणखी एक गोष्ट दिसली. मावशीने कोर्टासाठी मला नवा निळा ड्रेस शिवला होता. पुढून झकास. पण पाठमोरी होऊन मान वळवली तर मधली शिवण कमरेच्या खाली थोडी डावीकडे सरकली होती आणि आणखी खाली पुन्हा जागेवर आली होती. मावशीची शिवण वाकडी! ती डोळे मिटून सरळ टीप मारते. आदल्या संध्याकाळी तिचं मन कुठे होतं ते त्या शिवणीवर उमटलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने ड्रेस माझ्या अंगावरून उतरवून उसवायला घेतला असता, आणि खोकं राहिलं असतं बाजूला.

दारात तपासणी होती. पहारेकऱ्याने फोन ठेवून घेतले, मावशीची पर्स उपडी केली आणि छोटी कात्री उचलली.

"हे काय?"

"कात्री," मावशी म्हणाली.

"ते दिसतंय मला. आत कशाला हवी?"

"हवी अशी नाही. असते."

त्याने कात्री पेटीत टाकून पितळी बिल्ला दिला. मावशीने तो मुठीत धरला. कात्रीशिवाय ती मला अर्धीच वाटली.

"मी पुढे जाते," मी म्हणाले आणि आत शिरले, आणि खरं सांगते, दोन क्षण सगळं विसरले. चित्रकलेच्या बाई काहीच चुकीचं बोलल्या नव्हत्या. बाहेरून एवढं गच्च दिसणारं खोकं आतून पोकळ होतं! मधोमध थेट छतापर्यंत मोकळी जागा, छताला मोठमोठी गोल भोकं, त्यातून उजेडाच्या थाळ्या जमिनीवर पडलेल्या. चारही बाजूंना सज्जे, त्यांना टेकून उभी माणसं, सगळी सगळ्यांना दिसणारी. आणि मधून जिना. भिंत नाही, खांब नाही. नुसत्या काँक्रीटच्या फळ्या हवेत एकावर एक ठेवल्यासारख्या वर गेलेल्या. दोन पायऱ्यांच्या मध्ये काहीच नाही. आरपार.

आरपार.

मी मागे वळले. मावशी दारातच उभी होती. तिने जिना पाहिला होता.

"कितव्या मजल्यावर आहे आपलं?" तिने विचारलं.

"चौथ्या. पण लिफ्ट असेल ना. थांब."

लिफ्ट होती. कुणीतरी नंतर हौसेने बसवलेली. काचेची. खालून वर जाणारी माणसं तळपायांसकट दिसत होती. मावशीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "त्यापेक्षा मला फाशी द्या."

"हळू बोल. कोर्ट आहे हे, मागशील ते देतील."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

मी चौकशीच्या खिडकीकडे धावले. "मागे दुसरा जिना आहे का? बंद असा, भिंतीतला?"

"आहे. न्यायाधीशांसाठी," खिडकीतला कारकून म्हणाला. "का? काय झालं? कुणी आजारी आहे का?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. मी ते गिळलं. आजारी म्हटलं असतं तर त्याने ते वर कळवलं असतं, आणि अर्जातलं वाक्य आम्हीच खरं केलं असतं. "नाही, सहज," मी म्हणाले. वादविवादात जिंकलेल्या मुलीला एवढंच सुचलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. चौथ्या मजल्याच्या सज्ज्यावर लाल पट्ट्याचा शिपाई उभा राहून आमच्या अर्जाचा नंबर पुकारत होता. त्याचा आवाज सगळ्या भिंतींना आपटून आमच्यापर्यंत आला तेव्हा जणू पाच शिपाई ओरडत होते. वकीलबाईंनी आम्हाला बजावलं होतं: तीनदा पुकारतात. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर जो हजर असेल त्याचंच ऐकतात.

शिपायाच्या शेजारी बाबा उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि हात हलवला. त्यांच्या बाजूला त्यांचे वकील. तेही खाली बघत होते. या इमारतीत लपायला एक कोपरासुद्धा नव्हता.

"चल," मी मावशीचा हात धरला. "वर बघून चढ."

पहिल्या काही पायऱ्या ती चढली. मग पायऱ्यांमधल्या फटीतून तिला खालची फरशी दिसली असावी, कारण तिचा हात माझ्या हातातून सुटला आणि दोन्ही हातांनी तिने कठडा धरला. कठडा म्हणजे एक बारीकसा लोखंडी गज. बाकी हवाच. लोक आमच्या बाजूने चढत-उतरत होते. एक वकील "अहो, जरा रस्ता द्या," म्हणत गेला.

"आला," मावशी ओठ न हलवता म्हणाली.

"झुला?"

"बोलू नकोस. बोललीस की जास्त येतो."

मी, भोंगा, गप्प बसले. माझं भाषण आत कुठेतरी विरघळत होतं. डोळे मीट म्हणावं तर डोळे मिटल्यावर तिला आणखी वाईट होतं, ते मला माहीत होतं. वर बघ म्हणावं तर वर उजेडाची भोकं. खाली पोकळी. बाजूला सज्जे, आणि त्या सज्ज्यावर बाबांचे वकील बाबांच्या कानात काहीतरी सांगत होते.

दुसरा पुकारा झाला.

"तू जा," मावशी म्हणाली. "तू वर जा. त्यांना सांग, मी येतेय."

"तुला सोडून?"

"जा म्हणते ना!"

मी दोन पायऱ्या चढले. रडू येत होतं, आणि रडणारा भोंगा कसा वाजतो हे मला त्या सगळ्या सज्ज्यांना ऐकवायचं नव्हतं. आणि मग मागून मावशीचा आवाज आला. वेगळाच. दुकानातला.

"हे काय आहे?"

मी वळायला लागले.

"वळू नकोस! तशीच उभी राहा. ही शिवण कुणी घातली?"

"तूच," मी समोर बघत म्हणाले.

"मी? ही? अगं ही तर चालताना पाय वाकडा पडल्यासारखी गेलीय. सकाळी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू उसवली असतीस."

"उसवलीच असती! आत्ता कात्री असती तर इथेच उसवली असती. कोर्टात अशी जाणार तू? न्यायाधीशबाई म्हणतील, शिवणारी बाई आणि पोरीला हे घालते?"

मला कळलं. म्हणजे डोक्याला नंतर कळलं, पाठीला आधी कळलं. तिची नजर माझ्या पाठीवर होती. पायऱ्यांवर नव्हती, फटींवर नव्हती. लहानपणी मला मशीन शिकवताना ती म्हणायची, सुईकडे बघू नकोस, बोट घाबरतं. पुढच्या टाक्याकडे बघ. मी एक पायरी चढले. हळूच.

"कुठून सरकलीय गं?" मी विचारलं.

"कमरेपासून. हलू नकोस... चेनच्या खाली नीट आहे. मग डावीकडे. अस्तर धरलं गेलंय का?"

मी आणखी एक पायरी चढले. मागे तिची चप्पल वाजली.

"अस्तर म्हणजे आतलं?"

"मग काय बाहेरचं? एवढी वर्षं माझ्याकडे राहून तुला अस्तर विचारावं लागतं? अस्तर जरा जास्त ताणलं की वरचं कापड सरकतं. मी ताणलं असणार. मूर्खासारखं ताणलं असणार."

"फार दिसतंय?"

"आंधळ्याला दिसेल!"

अशा आम्ही चढलो. मी पुढे, पाठ ताठ, जणू डोक्यावर घागर आहे. ती मागे, माझ्या पाठीला शिव्या घालत. पहिल्या मजल्यावर एक बाई थांबून आमच्याकडे बघत राहिली. दुसऱ्यावर मावशी मध्येच गप्प झाली, आणि गजावरच्या तिच्या अंगठीचा आवाज थांबला. मी म्हणाले, "मला तर वाटतं दोरापण वेगळा आहे."

"दोरा?" मागून आवाज उसळला. "दोरा तोच आहे! रीळ मी स्वतः..." आणि चप्पल पुन्हा वाजायला लागली. दोरा तोच होता. मला ते चांगलं माहीत होतं.

शिपाई तिसऱ्यांदा तोंड उघडत होता तेव्हा मी शेवटच्या पायरीवरून ओरडले, "हजर!" सगळ्या खोक्याने माझा 'हजर' ऐकला.

कोर्टाची खोली मात्र छोटी होती. भिंतींवर त्याच फळ्यांच्या रेघा आणि एका चिरेसारख्या खिडकीतून येणारा उजेड. मावशीचा चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम होता. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत होत्या. बाबांचे वकील लगेच उभे राहिले.

"आम्ही म्हणतो ते आज सगळ्यांनीच पाहिलं, बाईसाहेब. यांना चार मजले चढायला किती वेळ लागला ते बघा. मध्येच दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या होत्या. उद्या घरात मुलीला काही झालं, तर ह्या धावणार कशा?"

आमच्या वकीलबाई उठल्या, पण न्यायाधीशबाईंनी हात वर केला आणि थेट मावशीला विचारलं, "तुम्हाला चक्कर येते का?"

विचारलं तेवढंच बोला, असं ठरलं होतं. मावशी म्हणाली, "नाही. झुला येतो."

"झुला?"

"उंचावरून खाली पोकळी दिसली की जमीन हलल्यासारखी वाटते. लहानपणापासून आहे. तब्येतीचं काही नाही. डॉक्टरांचा कागद वकीलबाईंनी दिलाय तुम्हाला."

"आत्ता येतोय?"

"आत्ता नाही. पण उतरायचंय अजून."

कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "मग चढलात कशा?"

"हिच्या पाठीकडे बघत," मावशी म्हणाली. "शिवण वाकडी गेलीय. माझ्या हातून."

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघून बोट गोल फिरवलं. मी पाठ करून उभी राहिले. भर कोर्टात, सगळ्यांसमोर. समोर आता बाबा होते. नव्या कोऱ्या कोटात अवघडून बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"खरंच वाकडी आहे," न्यायाधीशबाई मागून म्हणाल्या. मग, "मुलीचे वडील. तुम्हीही वरून बघत होतात ना? काय पाहिलंत?"

वकील बाबांकडे झुकले. बाबांनी त्यांना हलकेच बाजूला केलं आणि उभे राहिले. ते जे बोलतील त्यावर माझं सगळं होतं: मशीनचा आवाज, मागची खोली, 'ए भोंग्या'.

"ती थांबली होती," बाबा म्हणाले. "मला वाटलं, परत जाणार." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "पण चढून आली."

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "आणि तुला काय हवंय?"

भाषणाचे चार मुद्दे होते. एकही आठवला नाही. माझा आवाज गेल्या वर्षीचा निघाला, बारीक, चिरका. "मला मावशीकडे राहायचंय. बाबांची मला भीती वाटत नाही. पण सवयही नाही." आणि मग, का कोण जाणे, "खोली गुलाबी नको होती."

निकाल तिथेच सांगितला. शाळा संपेपर्यंत मावशीकडे. सुट्टीच्या दिवशी बाबांकडे. सवय व्हावी म्हणून, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. मी मावशीचा हात दाबला. तिने परत दाबला, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. दाराबाहेर सज्जा होता आणि सज्ज्यापुढे जिना.

उतरताना माझी पाठ उपयोगाची नव्हती. मी पुढे गेले की तिच्या नजरेच्या खाली जाणार, आणि माझ्या खांद्यावरून तिला सगळी पोकळी दिसणार. तिने जिन्याच्या तोंडाशीच गज धरला. ज्याच्यासाठी चढलो ते मिळालं होतं आणि आता खालीच जाता येत नव्हतं.

बाबा मागून आले. आमच्याजवळ थांबले. त्यांच्या काय लक्षात आलं कोण जाणे. दोन पायऱ्या उतरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाबा उंच आहेत, रुंदही. ते उभे राहिले आणि पोकळी झाकली गेली.

मावशी हलली नाही. मी तिच्या कानाशी म्हणाले, "मावशी, कोट बघ."

तिने पाहिलं. मी वाट बघितली. कोट नवाकोरा होता, कोर्टासाठी घेतलेला. मागे खालच्या चिरेवर दुकानात घालतात तो पांढऱ्या दोऱ्याचा फुलीचा कच्चा टाका तसाच होता.

"अगं बाई," मावशी पुटपुटली. "ह्या माणसाला कुणी सांगितलं नाही? हा टाका कापायचा असतो."

बाबांचे कान लाल झाले, पण ते वळले नाहीत. एक पायरी उतरले.

"भावोजी, हळू. एवढ्या घाईने नको."

"बरं," बाबा म्हणाले.

"आणि सरळ चाला. कोट खांद्यात घट्ट होतोय तुम्हाला. कुणी विकला हा?"

"दुकानातून घेतला."

"ते दिसतंयच!"

तिचा एक हात गजावर, दुसरा माझ्या मनगटात रुतलेला. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली तेव्हा बाबाही थांबले, मागे न बघता, आणि ती पुन्हा बोलायला लागेपर्यंत तसेच उभे राहिले. खालच्या फरशीवर पाय टेकल्यावर तिने माझं मनगट सोडलं. बोटांचे वळ उठले होते.

दारात तिने बिल्ला दिला, कात्री घेतली. "थांबा, भावोजी," म्हणाली, आणि बाबा पहारेकऱ्याच्या टेबलाशी पाठमोरे उभे राहिले. कच्च! पांढरा दोरा फरशीवर पडला.

"आता तू," मावशी माझ्याकडे वळली. "घरी चल. आधी तो ड्रेस उतरव."